कुणाची चंगळ, कुणाची भूक?

अलीकडे आपल्या बैठकांत आणि शिबिरांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. कॉलेजातल्या मुली चळवळीत येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत. कारण विचारले की उत्तर तयार असते: "या मुलींना मिसळ, मोबाईल आणि तुळशीबाग यापलीकडे काही सुचतच नाही. चंगळवादी पिढी आहे ही." असे म्हणणाऱ्यांत जुन्या कार्यकर्त्या असतात, प्राध्यापिका असतात, वसतिगृहाच्या रेक्टरबाई असतात. नेमके हेच वाक्य मुलीचा बाप बोलतो, थोरला भाऊ बोलतो आणि चौकात उभा असलेला संस्कृतिरक्षकही बोलतो. चळवळीतली बाई आणि संस्कृतिरक्षक जेव्हा एकाच सुरात बोलू लागतात, तेव्हा ते वाक्य जरा तपासून घ्यावे हे बरे.

आमचे म्हणणे सरळ आहे. परगावी शिकायला आलेल्या मुलीने त्या गावचे खाणे चाखावे, मैत्रिणींबरोबर हॉटेलात तासभर बसावे, शंभर-दोनशे रुपयांत आपल्या आवडीचा कुर्ता नि कानातले घ्यावे, हा तिच्या शिक्षणाचाच एक भाग आहे. तो तिचा हक्क आहे. तिला तो मिळत नसेल तर तो प्रश्न आपल्या मासिकाचा, आपल्या मोर्चाचा आणि आपल्या मागणीपत्रकाचा आहे.

वारावर जेवणारे आणि उपाशी राहणाऱ्या

"गरीब विद्यार्थी" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? पुण्यात माधुकरी मागून, वार लावून जेवणारा मुलगा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरी जेवून तो शिकला, मोठा झाला आणि पुढे त्याने आत्मचरित्र लिहिले. त्याची भूक मराठी वाङ्मयात मानाने नांदते. त्या सात घरांत चुलीपुढे बसून त्याच्यासाठी चार पोळ्या जास्त लाटणाऱ्या बायकांची नावे मात्र आपल्याला क्वचितच ठाऊक असतात. आणि ही सोयसुद्धा एका जातीच्या मुलांसाठी होती. बहुजन मुलांच्या पोटाची आणि निवाऱ्याची सोय व्हायला कोल्हापुरात शाहू महाराजांची वसतिगृहे निघावी लागली, त्यांतले पहिले १९०१ सालचे. पुढे साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकले.

मुलींसाठी असा वार कुणी लावला नाही. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. पण शिकणारी मुलगी दुसऱ्याच्या ओसरीवर जेवायला बसेल ही कल्पनाही कुणाला सोसली नसती. मुलीसाठी पर्याय एकच: भिंतीच्या आतली संस्था. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. या संस्थांचे ऋण मोठे आहे, ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण तेव्हापासून एक समज घट्ट बसला: मुलगा शिकायला शहरात जातो आणि मुलगी शिकायला संस्थेत जाते. मुलाला शहर मिळते, मुलीला आवार. हा समज आजही जिवंत आहे आणि त्याची खूण तिच्या ताटात दिसते.

रविवारची संध्याकाळ

पुण्यात राहून शिकलेल्या कुणालाही विचारा, रविवार म्हणजे काय. दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. मुलगे रविवारी रात्री बाहेर पडतात. कुणी अंडाभुर्जीच्या गाडीवर, कुणी वडापाव खाऊन, कुणी पावभाजीवर भागवतो. त्याच संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक लवकर लागते. मग दुपारची उरलेली पोळी, फरसाण, चोरून आणलेल्या विजेच्या किटलीत शिजवलेली मॅगी. ती किटली रेक्टरबाईंच्या हाती लागली तर दंड. मुलांची रविवारची रात्र पुढे गप्पांत आठवते, मुलींची आठवते ती पित्तामुळे.

"मुलींना कितीसे लागते?" हा प्रश्न तर घरापासून पाठलाग करतो. घरी ती शेवटी जेवते. वसतिगृहात आली की मेसमध्ये कमी खाते, कारण तिसरी पोळी मागितली की शेजारचे टेबल बघते. महिनाअखेर पैसे कमी पडले की मुलगा मित्राकडे उधार मागतो, मुलगी एक वेळचा डबा बंद करते आणि दोघींत एक डबा खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला; त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर आहे. कॉलेजातल्या मुली याच वयोगटात येतात. वर्गातल्या दर दोन मुलींमागे एकीचे रक्त कमी असताना आपण तिला चंगळवादी म्हणतो आहोत.

सरकारचा हिशेब पाहा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगलाच आहे. पण फी माफ झाली तरी पोट माफ होत नाही. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी तिच्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांतला भोजनभत्ता ३२,०००. बारा महिन्यांत वाटला तर दिवसाला ८८ रुपयेही पुरते होत नाहीत. त्यात सकाळचा नाश्ता, दोन जेवणे आणि चहा बसवून दाखवा. हा पैसा वेळेवर येत नाही ही तक्रारही जुनीच. आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलै २०१८ मध्ये आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांनी पोटासाठी मोर्चा काढला. त्यांना कुणी चंगळवादी म्हणायची हिंमत करावी.

फॅमिली रूम वरती आहे

आता बाहेर खाण्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात पाटी असते: "फॅमिली रूमची सोय". एकटी बाई किंवा चार मुली आत शिरल्या की गल्ल्यावरचा मालक जिन्याकडे बोट दाखवतो, "फॅमिली वरती." बाई एकटी असली तरी ती फॅमिली. पुरुष चौघे आले तरी ते गिऱ्हाईक. वर पडदे लावलेले कप्पे, बंद पंखा आणि ऑर्डर घ्यायला कुणी फिरकत नाही. सगळ्यांदेखत, खालच्या बाकावर बसून, रस्त्याकडे तोंड करून मिसळ खाण्याचा हक्क बाईला पाटीनेच नाकारला आहे.

पुणे-मुंबईच्या मुलींना हे जुने वाटेल. पण टपरीवर चहा पिणाऱ्या मुलीकडे बघण्याची नजर इथेही तीच आहे. मुलगा टपरीवर उभा राहतो, तेव्हा तो "चहा पितोय". मुलगी उभी राहिली की ती "कुणाची तरी वाट बघतेय". शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिलेल्या 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा आहे: बाईला सार्वजनिक जागेत काही कामापुरतेच सोसले जाते, तिथे निव्वळ असण्याचा, रेंगाळण्याचा तिचा हक्क मान्य केला जात नाही. २०१५ मध्ये कराचीतल्या मुली ढाब्यावर चहा पिताना स्वतःचे फोटो काढून लोकांपुढे मांडू लागल्या. 'गर्ल्स ॲट ढाबाज' या नावाने ते पसरले. एक कप चहा प्यायला फोटो काढून जाहीर करावे लागते, यावरून तो चहा किती महाग आहे ते कळावे.

आणि बाहेरचे खाणे म्हणजे काय असते? लातूरची मुलगी पहिल्यांदा मैत्रिणीच्या खोलीवर ईशान्येकडची डाळ-भाताची वेगळी चव बघते. खानदेशातली मुलगी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळणारी खाणावळ शोधून काढते आणि कोकणातल्या मुलीला तिथे नेते. नागपूरची तर्रीपोह्यांवर हट्टाने भांडते. कुणाच्या डब्यातली सुकटीची चटणी कुणी पहिल्यांदा चाखते. जात माणसाच्या ताटात बसलेली असते. ती ताटातूनच उठवावी लागते. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले. त्या पुस्तकाच्या नावातच सगळा वाद आहे. ज्या "पूर्णब्रह्मा"त काहींचे अन्न कधी धरलेच गेले नाही, त्याचे शिक्षण मुलींना कुठल्या वर्गात मिळणार? २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात "फक्त शाकाहारींसाठी" टेबले वेगळी काढण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला. खोली भाड्याने शोधणाऱ्या मुलींना तर "मुलगी शाकाहारी हवी" ही अट पाठ आहे. या अटीचा खरा अर्थ आडनाव विचारण्याचा आहे, हे त्या पहिल्या महिन्यातच शिकतात. तेव्हा खाण्याच्या गप्पांना क्षुल्लक समजू नका. आपली कितीतरी व्याख्याने जे साधत नाहीत, ते एका ताटात चौघींनी हात घातल्याने साधते.

सातच्या आत

"अहो, पण सुरक्षितता?" हा पुढचा प्रश्न. फाटक लवकर लावायचे ते मुलींच्याच भल्यासाठी, असे सांगितले जाते. मग जून २०२३ आठवा. मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका १८ वर्षांच्या मुलीवर तिच्याच खोलीत बलात्कार होऊन तिचा खून झाला आणि संशय होता तो वसतिगृहाच्याच पहारेकऱ्यावर. ती फाटकाच्या आत होती. वेळ पाळून आत होती. फाटक कुणाला बाहेर ठेवते आणि कुणाला आत कोंडते, हा प्रश्न त्यानंतर तरी विचारायला हवा होता.

नियम काय सांगतो हेही मैत्रिणींनी पाठ करून ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळविरोधी विनियम २०१५ चे, २०१६ मध्ये ते राजपत्रात आले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. दिल्लीतल्या मुलींनी २०१५ मध्ये 'पिंजरा तोड' म्हणत हाच प्रश्न रस्त्यावर आणला. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूरच्या एका कॉलेजातल्या मुलींच्या बाजूने निर्णय दिला. सिनेमाला जाण्यावरची बंदी उठली आणि व्यवस्थापनाची नीतिकल्पना मुलींवर लादता येत नाही हे न्यायालयाने सांगितले. आपल्या शहरातल्या किती वसतिगृहांत हा विनियम सूचनाफलकावर लावलेला आहे? फलकावर असते ते वेळापत्रक आणि दंडाचे दर.

शिवाय रस्ता सुरक्षित कशाने होतो? रात्री अकरा वाजता भुर्जीची गाडी, भेळवाला, फुलवाली, कणसे भाजणारी बाई असलेला रस्ता सुरक्षित असतो. दिवा असतो, माणसे असतात, ओळखीचे चेहरे असतात. तोच रस्ता "स्वच्छ" करण्यासाठी गाड्या उचलल्या की अंधार उरतो. म्हणून मुलींच्या वावराचा आणि फेरीवाल्या बायकांच्या पोटाचा प्रश्न एकच आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या आहेत. त्या जागांवर कोण बसते, याची चौकशी आपल्या गटांनी आपापल्या शहरात करावी.

शंभर रुपयांचे कानातले

कपड्यांवरून टोमणे मारणे आपल्यालाही सोपे जाते. खादीची साडी, मोठे कुंकू किंवा मुद्दाम बिनकुंकवाचे कपाळ, खांद्याला शबनम: हीसुद्धा एक फॅशनच होती. तिच्यामागे विचार होता, तसा या मुलींच्या कपड्यांमागेही असतो. तो समजून घ्यायला हवा. घरून आलेल्या पैशांत फी, खोलीभाडे, डबा, झेरॉक्स यांचा हिशेब आधीच लागलेला असतो. त्यातून वाचवलेले किंवा 'कमावा आणि शिका' योजनेतून मिळालेले शंभर रुपये हे बऱ्याच मुलींच्या आयुष्यातले पहिले पैसे असतात, ज्यांचे काय करायचे ते तिने एकटीने ठरवलेले असते. तुळशीबागेत ती भाव करायला शिकते, "नको" म्हणून पुढे निघायला शिकते आणि दुकानदाराने मागून हाक मारली की परत वळायलाही शिकते. कटपीसचे कापड घेऊन शिंप्याला आपल्या मनाचा गळा सांगते. आईच्या विरलेल्या साडीचा कुर्ता शिवून घेते. खोलीतल्या तिघी मिळून सहा कुर्त्यांचे वर्षभर अठरा जोड करतात. या उद्योगाला काटकसर म्हणतात. आपल्या आज्यांनी गोधडीत हीच कला वापरली, तिचे आपण प्रदर्शन भरवतो.

तिने काय घालावे हे ठरवायला मात्र सगळे टपलेले. एके काळी पंजाबी ड्रेस घालून शिकवायला येणाऱ्या शिक्षिकांना शाळांशी भांडावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठी वेशभूषेचे नियम काढले, त्यात जीन्स आणि टी-शर्ट नको झाले. त्याच वर्षी चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली आणि फाटलेली जीन्स, टी-शर्टवरही घातली. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. एकाच फाटकावर हिजाबवाली आणि जीन्सवाली दोघीही अडवल्या गेल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिले तर त्यांना कळेल की अडवणारा एकच आहे.

मग चंगळवाद कुठला?

चंगळवाद हा शब्द आपणच वापरात आणला आणि तो खोटा नव्हता. १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या डोक्यावर मुकुट चढले, गोरेपणाची मलमे खेड्यापर्यंत पोचली. १९९६ मध्ये बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या विरोधाला कारण होते आणि ते आजही आहे. बाईला स्वतःच्या शरीराची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवर उपाय विकायचा, हा धंदा थांबलेला नाही. आता तो मोबाईलमधून चालतो.

पण त्या धंद्यावरचा राग चुकीच्या ठिकाणी निघता कामा नये. दोन लाखांचा लेहंगा घालून जेवणाची शंभर ताटे उष्टी टाकणारे लग्न आपण निमूट जेवून येतो आणि एका बनमस्क्यावर चौघी दोन तास गप्पा मारतात, त्यांना चंगळवादी ठरवतो. शब्द त्याच्या जागी वापरावा.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मुलींना आवर्जून विचारायला हवा: हे स्वस्त कुणाच्या जिवावर? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि स्वस्त कपडे शिवणारे ११०० हून अधिक कामगार मेले, त्यांत बायका जास्त होत्या. मुलीच्या अंगावरच्या टॉपची किंमत कमी असते, कारण तो शिवणारीची मजुरी कमी असते. तिच्या मेसची पोळी स्वस्त असते, कारण ती लाटणारीला महिन्याची सुट्टी नसते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ती त्या बाईची आठवड्यातली एकमेव सुट्टी असू शकते, हेही लक्षात ठेवावे. मुंबईत गिरणी कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. जेवणारा आणि जेवू घालणारी यांची भांडणे लावून प्रश्न सुटत नाही, हे त्या बायकांनी दाखवले. स्वस्त जेवण आणि रांधणारीला रास्त मजुरी, दोन्ही एकदम मागावे लागते. मधला पैसा सरकारने आणि संस्थेने घालायचा असतो.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत "या मुली येत का नाहीत" या विषयाऐवजी काही मागण्या घेऊ या. मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहांना फाटकाची वेळ एकच असावी आणि आयोगाचा विनियम मराठीत सूचनाफलकावर लागावा. भोजनभत्ता बाजारभावाप्रमाणे दरवर्षी वाढावा आणि दरमहा हातात पडावा. प्रत्येक कॉलेजात अनुदानित उपाहारगृह असावे, ते बचतगटाच्या बायकांना रास्त मजुरीवर चालवायला द्यावे, रविवारी संध्याकाळीही पाळ्या लावून चालू ठेवावे, आणि तिथे कुणाच्या ताटात काय आहे यावरून टेबले वेगळी होऊ नयेत. कॉलेजभोवतीच्या विक्रेत्या बायकांना परवाने मिळावेत, रस्त्यावर दिवे आणि स्वच्छतागृहे असावीत. बाहेर पडणाऱ्या कितीतरी मुली स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना कसला चहा आणि कसली मस्तानी.

आणि एक काम मागणीपत्रकाबाहेरचे. पुढची बैठक सभागृहात न घेता मुलींच्या वसतिगृहाजवळच्या हॉटेलात घ्या, रविवारी संध्याकाळी, खालच्या मजल्यावर. मालकाने जिन्याकडे बोट दाखवले तर तिथेच बसा आणि पाण्याचे ग्लास मागवा. बिल समान वाटून घ्या. जिच्याकडे नसेल तिचे बाकीच्यांनी भरा. मुली येतील.